बादलीतला नवरदेव

जर्मनीहून परत आल्यावर साताऱ्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय काय पाहिलंत?" राजवाडे, किल्ले, बर्फाचे डोंगर अशी नावं ऐकायला मंडळी सरसावून बसलेली असायची. मी म्हणायचे, "एक झाड पाहिलं." लोकांना वाटायचं, बाई प्रवासाने दमलेली दिसते, पुन्हा कधीतरी विचारू. पण खरं तेच आहे. मी ऱ्हाईन नदीत बोटीतून फिरले, एका चर्चच्या मनोऱ्यावर धापा टाकत चढले, फोटोही भरपूर काढले. तरी डोळे मिटले की समोर येतं ते एक सफरचंदाचं झाड, त्याच्या फांदीला टांगलेली पत्र्याची बादली आणि त्याच्या बुंध्यावर आम्ही करून ठेवलेला घोटाळा.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई. दोन विहिणी एका विमानात शेजारीशेजारी बसून परदेशी गेल्याचं कुणी ऐकलं आहे का? माझी लेक मंजिरी आणि जावई अमेय स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहतात. तो तिथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनीयर, ती विद्यापीठात संशोधन करते. "दोघींना एकमेकींची सोबत होईल," असं म्हणून दोघांनी दोन्ही आयांची तिकिटं एकदमच काढली. आमच्या ह्यांनी थंडीचं नाव काढताच अंग काढून घेतलं. विहीणबाईंच्या यजमानांची रत्नागिरीजवळ आंब्याची बाग, त्यामुळे एप्रिलमध्ये त्यांना हलणं शक्यच नव्हतं. ऐन आंब्याच्या दिवसांत आपण घर सोडून निघालो, हे विहीणबाईंनी मुंबईपासून फ्रँकफर्टपर्यंत मला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मी पडले मुलीची आई. खिडकीची जागा त्यांना दिली आणि सगळ्याला "हो ना, हो ना" म्हणत राहिले.

जिन्याची पाळी

घर डोंगराच्या उतरणीवर होतं. खाली मालक राहायचे, वर आमची मुलं. मालकांचं आडनाव हेगेले. पहिल्याच सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली. मला वाटलं, आल्या आल्या कसली तरी नोटीस आली. मंजिरी म्हणाली, "अगं आई, ती केअरवोखंची पाटी. ह्या आठवड्यात जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची टर्न आपली आहे. झालं की पाटी त्यांच्या दारावर."

अख्ख्या जगाला मोटारी पुरवणाऱ्या देशात केरसुणीची पाळी पाटी लावून ठरते, याची मला गंमत वाटली. पण दोघींना बसून बसून कंटाळा आला होता. आम्ही जिना झाडला, पुसला, कठडा पुसला, फुटपाथ झाडला आणि वर सडाही घातला. विहीणबाई रांगोळीचा डबा काढायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. तेवढ्यात हेगेलेआजोबा बाहेर आले. उंच, ताठ, डोक्यावर हिरवी टोपी. सारी नोकरी जंगलखात्यात झाली होती. त्यांनी कठड्यावरून एक बोट फिरवलं, ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, "गूट," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी हे ऐकून अमेय म्हणाला, "गूट, म्हणजे छान म्हणाले? आई, मला इथे चार वर्षं झाली, मला अजून नाही म्हणाले."

ते झाड घराच्या मागे होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याच्यावर एक पान नव्हतं. काळपट बुंधा, एका बाजूला पोकळी, वेड्यावाकड्या फांद्या. मला तर ते वाळकंच वाटलं. विहीणबाई मात्र बागायतदाराच्या घरातल्या. त्यांनी फांदी वाकवून टोकं निरखली आणि म्हणाल्या, "ताई, म्हातारं आहे, पण जागं आहे. डोळे फुगलेत बघा."

मग रोज सकाळी चहाचे कप घेऊन आम्ही गॅलरीत उभ्या राहायला लागलो. आधी टोकांना करडी लव आली, मग हिरवी चोच, मग पानांच्या मधोमध गर्द गुलाबी कळ्यांचा झुबका. आमच्याकडे एक फूल उमलताना पाहायला कुणाला वेळ असतो? इथे दुसरं काम नव्हतं, म्हणून मला ते दिसलं.

तळघरातली बाटली

रविवारी फ्राऊ हेगेलेंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, चार वाजता कॉफीला बोलावलं. चारला बोलावलं म्हणून मी आपली साडेचारला निघायच्या बेतात, तर मंजिरीने हाताला धरून खाली नेलं. टेबलावर घरचा केक होता आणि काचेच्या वाटीत सफरचंदाचा दाट, सोनेरी गर. बाईंनी प्रत्येकीच्या बशीत एकेक चमचा वाढला, अगदी तीर्थ द्यावं तसा. चव आंबटगोड, मागून दालचिनीसारखं काहीतरी. मला इतकी आवडली की मी बशी पुढे केली. मंजिरीने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण बाईंनी हसून आणखी चमचाभर वाढला. मग त्या जे बोलल्या ते मंजिरीने सांगितलं, "आई, हा घराच्या मागच्या झाडाचाच गर आहे. दोन वर्षांपूर्वीचा. आता तळघरात एकच बाटली उरलीय." मी चमचा हळूच बशीत ठेवला.

त्या झाडाची गोष्ट फ्राऊ हेगेलेंनी हळूहळू सांगितली आणि मंजिरी ती आमच्यासाठी मराठीत आणत गेली. बाई मूळच्या ह्या गावच्या नव्हेत. जन्म बोहेमियातला, म्हणजे आताच्या चेक देशातला. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या जर्मन लोकांना घरंदारं सोडून निघावं लागलं, तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. हातात मावेल तेवढंच न्यायचं होतं. कुणी रजया घेतल्या, कुणी भांडी. त्यांच्या आईने अंगणातल्या सफरचंदाच्या काड्या छाटल्या आणि सुकू नयेत म्हणून एका बटाट्यात खोचून घेतल्या. लोक हसले. आई म्हणाली, भांडी काय, कुठेही मिळतील. इकडे ज्या शेतकऱ्याकडे आसरा मिळाला, त्याच्या झाडावर तिने ते कलम बांधलं. पुढे हेगेलेंशी लग्न होऊन हे घर बांधलं तेव्हा त्याच्यावरून इथे हे झाड केलं. त्या जातीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. बाई त्याला 'हाइमाट' म्हणतात.

"म्हणजे काय गं?" विहीणबाईंनी विचारलं.

मंजिरी अडखळली. "म्हणजे… गाव पण नाही, घर पण नाही. माई, तुम्ही माहेरच म्हणा."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. तीन बायका माहेर सोडून आलेल्या आणि चौथी त्यांची भाषांतरं करणारी, तीही माहेरापासून हजारो मैलांवर.

दुखणं असं होतं की सफरचंदाला एकट्याने फळ धरत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचं झाड त्याच वेळी फुललेलं लागतं, मग मधमाश्या याचा पराग त्याला नेऊन देतात. हे झाड उशिरा फुलणारं. त्याला जोडीदार एकच होता, शेजारच्या आवारात. शेजाऱ्याने घर विकलं आणि नव्या मालकाने ते झाड पाडून तिथे गॅरेज बांधलं. त्याआधीच्या वर्षी फुलं गोठलेल्या दवाने जळली होती. अशी दोन वर्षं झाड फुललं आणि रिकामं राहिलं.

हेगेलेआजोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते काहीतरी बोलले. मी मंजिरीला कोपराने ढोसलं, तेव्हा ती म्हणाली, "ते म्हणतायत की जंगलात जे झाड काही देत नाही, ते दुसऱ्याला जागा करून देतं. ह्या वर्षी फळ नाही धरलं तर हिवाळ्यात तोडणार. त्यांना तिथे भाजीचे वाफे करायचेत."

फ्राऊ हेगेले खिडकीतून मागे बघत राहिल्या. त्या कळ्यांचं पुढे काय होतंय, यावर त्या बाईचं माहेर उभं होतं.

बसमधून वरात

बाईंनी एक उपाय मनाशी धरला होता. त्यांच्या आईने गावाकडे केलेला. दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या आणायच्या, बादलीत पाणी घालून त्यात ठेवायच्या आणि ती बादली झाडात टांगायची. पुढचं मधमाश्या बघून घेतात. आजोबांच्या मते हा शुद्ध खुळेपणा होता. अमेयने मात्र मान डोलावली, "सायंटिफिकली करेक्ट आहे. गेनाऊ!"

लेओनबेर्गच्या बाजूला बाईंच्या मैत्रिणीची बाग होती. तिचा फोन आला की फुलं उमलली. वार कामाचा, मुलं ऑफिसला. आजोबांनी स्पष्ट सांगितलं, गाडी असल्या कामाला मिळणार नाही. मग फ्राऊ हेगेलेंनी बादली उचलली, आम्ही दोघींनी स्वेटर चढवले आणि तिघी बसने निघालो. त्यांना मराठी नाही, आम्हाला जर्मन नाही. वाटभर त्या बोट दाखवून एकेक नाव सांगत होत्या आणि आम्ही माना हलवत होतो.

बागेचं फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. डोंगराचा सगळा उतार फुललेला. गवत गुडघ्याएवढं, त्यात पिवळी फुलं पसरलेली आणि त्यांच्यावर झाडामागून झाड पांढरं, गुलाबी, जिथवर नजर जाईल तिथवर. फांद्या दिसतच नव्हत्या. फुलांमधून येणारा उजेड गवतावर पडून पुन्हा वर येत होता आणि आमच्या तिघींच्या तोंडावरही तोच उजेड होता. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली, गाभाऱ्यात उभी राहून डोळे मिटले. इथे डोळे मिटायची इच्छाच होईना. इतकं सुंदर काही माझ्यासाठी न थांबता, मला न सांगता, दर वर्षी घडतं आणि मी साठी उलटेपर्यंत ते पाहिलंच नव्हतं, या विचाराने मला एकदम रडू आलं. लाज वाटली नाही.

विहीणबाईही पदर डोळ्यांना लावत होत्या. "आमचा मोहोर वासाने कळतो हो, ताई," त्या म्हणाल्या. "रात्री घरात झोपलं तरी कळतं. दिसायला तो काय, तुरे नुसते. हे उलटं आहे. हे सगळं डोळ्यांना दिलंय."

मैत्रिणीने कात्री आणून विहीणबाईंच्या हातात दिली, तर त्यांचा हात पुढे होईना. मोहोरलेली फांदी कापायची? त्यांच्या घरात मोहोराला शिंकलेलंही चालत नाही! शेवटी फ्राऊ हेगेलेंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून पहिली फांदी कापली.

परतीच्या बसमध्ये बादली मधोमध ठेवली होती. सगळी बस तिच्याकडे बघत होती. एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि पाणी उसळून समोरच्या गृहस्थांच्या बुटांवर पडलं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत रुमाल काढला, तर ते खाली वाकले, फुलांचा वास घेतला आणि बादली दोन्ही पायांमध्ये घट्ट धरून बसले. म्हटलं, घ्या, नवरदेवाला करवलाही मिळाला.

हे मी मोठ्यांदाच बोलले असणार, कारण विहीणबाई खुदकन हसल्या. "खरंच की, वरातच आहे ही. झाड आमच्या अमेयच्या दारातलं, म्हणजे मुलगी आमची. ही बादली बाहेरून आली."

"म्हणजे आज वरमाई मी!" मी म्हटलं. "मग माझा मान कुठाय? खिडकीची जागा द्या आधी."

त्या मुकाट्याने उठल्या आणि मला खिडकी दिली. मी चांगली गाल फुगवून बसले. मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एकमेकींपुढे खऱ्या मोकळ्या झालो त्या बसमध्ये.

लाल

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी अमेय शिडीवर चढला. फ्राऊ हेगेले खालून हातवारे करत होत्या. उजवीकडे, अजून वर, उन्हाकडे. बादली पक्की बांधली गेली. आमच्या झाडाच्या कळ्याही त्याच सकाळी निम्म्याअधिक उमलल्या होत्या, जणू वाटच बघत होत्या. आजोबा खिडकीतून बघत होते, पण बाहेर आले नाहीत.

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर आम्ही दोघी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन खाली उतरलो. लग्न म्हटल्यावर नवरी कोरी कशी ठेवायची? बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, पण साल खरखरीत, कुंकू झडून खाली पडायला लागलं. तेव्हा विहीणबाईंनी ते खोबरेल तेलात कालवलं आणि माझ्याएवढ्या उंचीवर चांगला बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टा ओढला. लालभडक. अक्षता टाकल्या. आठवतील तेवढी मंगलाष्टकं पुटपुटलो. लेकीबाळीसारखं झाड, त्याला कुंकू लावायला कुणाला काय विचारायचं? आणि विचारणार तरी कोणत्या भाषेत? समाधानाने वर येऊन चहा केला.

सकाळी गॅलरीत आलो, तर फ्राऊ हेगेले घरातल्या गाऊनवरच ओल्या गवतात उभ्या होत्या. बुंध्यासमोर. हात तोंडावर. थोड्या वेळाने आजोबा बाहेर आले. बाई त्यांना एकच वाक्य बोलल्या, पण असं की फांदीवरचा पक्षी उडाला. त्यांनी दोन्ही हात वर केले. बाईंनी बुंध्याकडे बोट दाखवलं. ते जवळ गेले, चष्मा लावला, वाकून पाहिलं. आणि मग वळून त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. त्यांचा आवाज चढला. मला वाटलं, संतापलेत. नंतर पाहिलं तर ओठ थरथरत होते.

विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "ताई, आपलं कुंकू."

दोघी धावत खाली. विहीणबाईंच्या हातात करंडा. त्यांनी स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, मग बुंध्याला, मग छातीला, "मी, मी." मी म्हणाले, "नो, नो, मी पण." नवराबायको आमच्याकडे बघतच राहिले. मी वरून फोन आणला आणि मंजिरीला गाठलं.

"मंजिरी, आधी ह्यांच्याशी बोल. आम्ही झाडाला कुंकू लावलं, त्यावरून इथे काहीतरी भयंकर झालंय."

ती पलीकडून ओरडली, "आई! लाल? बुंध्यावर?"

फोन आजोबांच्या हातात गेला. ते नुसतं "या… या… आल्झो…", म्हणजे हो हो, करत होते. बाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून कान देऊन उभ्या. मग फोन माझ्याकडे आला आणि मंजिरीने सांगितलं ते असं. इथल्या जंगलात जे झाड तोडायचं ठरतं, त्याच्या बुंध्यावर फॉरेस्टवाले लाल पट्टा मारतात. आजोबांनी जन्मभर तेच केलं. सकाळी बाईंनी खिडकीतून लाल पट्टा पाहिला आणि त्यांना वाटलं, नवऱ्याने हिवाळ्याचीही वाट पाहिली नाही. आजोबांना वाटलं, बायको थकली, हरली आणि तिनेच आपल्या हाताने तोडायची खूण केली.

"आणि आई," मंजिरी म्हणाली, "ते तिला काय म्हणाले माहितीये? मी एवढ्या झाडांना लाल लावलं, पण फुलावर आलेल्या झाडाला कधीच नाही. तू कसं लावलंस?"

विहीणबाई पदराने बुंधा पुसायला पुढे झाल्या. आजोबांनी हात आडवा केला, "नाइन." पुन्हा फोन मागून घेतला आणि मंजिरीला काहीतरी विचारलं. तिने ते मला संध्याकाळी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुमच्याकडे जे राखायचं असतं, त्याला लाल लावतात?" तिने सांगितलं, हो.

त्या संध्याकाळी मंजिरी घरी आल्यावर फ्राऊ हेगेले तळघरातली शेवटची बाटली घेऊन आजोबांसह वर आल्या. आम्ही थालीपीठं लावली. त्यांच्याकडे बटाट्याची अशीच खमंग धिरडी करतात आणि सफरचंदाच्या गराबरोबर खातात, म्हणून त्यांनी थालीपिठावरही गर वाढला. कांदा, तीळ आणि वर तो आंबटगोड गर, हे जमतं हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आजोबांनी तीन खाल्ली. पण झाडाचं काय, असं बाईंनी विचारल्यावर म्हणाले, "हिवाळ्यात बघू."

ऊन

आणि मग पाऊस लागला. बारीक, गार, दिवसभर. झाड पूर्ण फुललेलं, बादलीतल्या फांद्या टवटवीत आणि एक माशी फिरकत नाही. गारव्यात मधमाश्या घराबाहेर पडत नाहीत म्हणे. फ्राऊ हेगेले खालच्या खिडकीत, आम्ही वरच्या. विहीणबाईंचं जेवणावरून मन उडालं. "मोहोराच्या दिवसांत आभाळ आलं ना ताई, तर आमच्याकडे कुणी पोटभर जेवत नाही," त्या म्हणाल्या. मी रोज देवाजवळ दिवा लावताना मनात म्हणायचे, तुला इथली भाषा येते की नाही ठाऊक नाही, पण थोडं ऊन पाड. बादलीतल्या फांद्यांच्या पाकळ्या गळायला लागल्या होत्या.

एका दुपारी भांडी विसळत होते, तर हातावर ऊन पडलं. बाहेर आले. गवतातून वाफ निघत होती. पहिल्यांदा एक जाडा भुंगा आला, गुबगुबीत, आळसावलेला. मग एक माशी. मग आणखी. आम्ही झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो तेव्हा वर पाहायची गरजच नव्हती. झाडच घुमत होतं. देवळातली घंटा वाजून गेल्यावर मागे जो नाद राहतो, तसा तो नाद होता आणि तो थांबतच नव्हता. पायांतून वर चढत होता. डोक्यावर पांढऱ्यागुलाबी फुलांचं छत, त्यातून निळं आभाळ आणि त्या सगळ्याला आवाज. मी विहीणबाईंचा हात धरला होता की त्यांनी माझा, आता आठवत नाही. एवढंच कळत होतं की इथे काहीतरी फार मोठं चाललंय आणि आम्हाला त्यात उभं राहू दिलंय.

आजोबा केव्हा आले कळलं नाही. टोपी हातात. त्यांनी मला बोटाने दाखवलं. एक माशी बादलीतल्या फुलात शिरली, मागच्या पायांवर पिवळे गोळे घेऊन बाहेर आली, जरा घुटमळली आणि आमच्या झाडाच्या फुलावर जाऊन बसली. आजोबांचं बोट तिच्या मागोमाग हवेतून गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांच्या मागे, तेलामुळे पावसातही धुऊन न गेलेला कुंकवाचा पट्टा तसाच होता.

पुढे पाकळ्या गळल्या. जिना, फुटपाथ, सगळं पांढरं झालं आणि पाटी नेमकी आमच्या दारावर. केरसुणी घेऊन गेलो, पण हात उचलेना. आजोबा बाहेर आले, न झाडलेल्या फुटपाथकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "गूट," म्हणाले आणि पाकळ्या चुकवत पाय टाकत गेले.

आम्ही निघालो तेव्हा फांद्यांवर लिंबाएवढी हिरवी फळं दिसत होती. पुष्कळशी गळत होती. विहीणबाई खाली पडलेलं एकेक उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "मोहोर येतो तेवढे आंबे होत नसतात. धरतील ती धरतील." फ्राऊ हेगेलेंनी दोघींना छातीशी धरलं. विमानात विहीणबाईंनी खिडकीची जागा मला दिली.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी मंजिरीचा फोन आला, तोंडात काहीतरी होतं. "आई, ओळख काय खातेय?" टोपल्या भरून फळं उतरली होती. पहिलं सफरचंद फ्राऊ हेगेलेंनी झाडाखालीच उभ्या राहून खाल्लं, बियांसकट. तळघरात बाटल्यांची रांग लागली होती. मी आनंदाने मोठ्यांदा ओरडले, तर हे आतून काय झालं म्हणून धावत आले.

"थांब, अजून आहे," मंजिरी म्हणाली. "काल हेगेलेआजोबांनी दार वाजवलं. मागे चल म्हणाले. बघते तर झाडाच्या बाजूला, भाजीच्या वाफ्यांसाठी आखलेल्या जागेत खड्डा खणलेला आणि त्यात एक छोटंसं झाड लावलेलं. लेओनबेर्गच्या मैत्रिणीकडे आहे ना, त्याच जातीचं. नर्सरीतून स्वतः गाडीने घेऊन आले. मग मला म्हणाले, तुझ्या आयांनी लावलं होतं ते लाल थोडं दे."

"मग?"

"मी करंडा नेऊन दिला. त्यांनी टोपी काढली, बोट बुडवलं आणि लावलं. खोड इतकं बारीक आहे ना आई, की कुंकू खोडावर कमी आणि त्यांच्या बोटावरच जास्त राहिलं. मी विचारलं, ह्याला फुलं कधी येतील? तर म्हणाले, चार-पाच वर्षं तरी लागतील."

ऐंशी उलटलेला माणूस.

"मग मी म्हटलं, तोपर्यंत काय?" मंजिरी म्हणाली. "तर म्हणाले, तोपर्यंत बादली आहे. घासून ठेवलीय मी. आणि फांद्या आणायला गाडी काढेन."